कडी मी लावली

लताबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि तापल्या तव्याला हात लागावा तसा हात मागे घेतला.

"यात माझ्या मालकांचा आवाज हाय ताई," त्या म्हणाल्या. "पण बोलणं त्यांचं नाय."

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पंखा गरगरत होता, तरी मे महिन्याचा उकाडा हटत नव्हता. प्रतिभा गांगुर्डे बारा वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधत होती. आता स्वतःची पाटी लावून तेच काम करत होती. कोपऱ्यात सुनील आहेर बसला होता. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून तो प्रतिभाची गाडी चालवायचा आणि तिचं डोकं कसं चालतं ते बघायचा. पहिलं काम त्याला जमत होतं.

"आधी बसा," प्रतिभा म्हणाली. "मालक कुठं कामाला?"

"पिंपळगावला, द्राक्षाच्या पॅकहाउसात. थंड खोल्यांच्या दारावर. वाल्मीक नाव त्यांचं. अकरा वर्षं झाली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मार्चमधल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बुधा नावाचा कामगार तीन नंबरच्या थंड खोलीत गेला. कोणीतरी बाहेरून कडी लावली. आत शून्य अंश आणि मोठाले पंखे. दार इतकं जाड की आतली बोंब बाहेर येत नाही. सहाला कंटेनर भरायला दार उघडलं, तेव्हा बुधा दाराला पाठ लावून बसलेला सापडला. मुळात छातीचा आजार. त्याला थंडी सोसली नव्हती.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. चौदा कामगारांचे जबाब कॅमेऱ्यावर घेतले. आठवड्याने सगळ्यांना हॉलमध्ये बसवून वाल्मीकचा जबाब पडद्यावर दाखवला. तो बघताना वाल्मीक उठून उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला आणि जागीच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

"अजिबात बोलता येत नाही?"

"एक शब्द राहिलाय. हो. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. घरी येऊन साहेब लोकांनी इचारलं, वाल्मीक, कडी तू लावली का? तर हो म्हणाले. मग काय, झालंच." लताबाईंनी पदर तोंडाशी नेला. "पोलिसांत नाव गेलंय, ते जाऊ द्या. बुधाभाऊ आमच्या शेजारचा. एका सायकलीवर जायचे दोघं. त्याची बायको चतुरा आता बघत नाय माझ्याकडं. मधल्या ओट्यावर तिनं बोरीच्या काट्या टाकल्या. ताई, डॉक्टर म्हणतात हे काही महिन्यांचे सोबती. त्यांचं सरण पेटायच्या आत एवढं खोटं पुसायचं हाय मला."

प्रतिभाने मोबाइल उचलला. पडद्यावर पांढऱ्या मिशांचा एक माणूस टोपी मांडीवर धरून बसला होता. कॅमेऱ्यामागून कोणीतरी कागदावरचा प्रश्न वाचला, "तीन नंबरची कडी कोणी लावली?"

"अकरा वर्षं झाली," वाल्मीक म्हणाला, "आवाज दिल्याबिगर मी कधी कडी लावली नाय. त्या दिशी कडी मी लावली..."

आणि पडदा काळा.

प्रतिभाने ते सहा वेळा बघितलं. "सुनीलभाऊ, काय वाटतं?"

"कबूल तर केलंय बाई. फक्त..." सुनीलने मान खाजवली. "आवाज उतरला नाही. स्टॉप यायच्या आधीच घंटी मारल्यासारखं वाटतं."

"ओठ आणि आवाज जुळतात का?"

"एकदम बरोबर जुळतात."

"हे लक्षात ठेवा." ती लताबाईंकडे वळली. "ही फाइल तुम्हाला कोणी दिली?"

"माझ्या रोहितनं. तिथंच ऑफिसात हाय तो, कॉम्प्युटरवर. मालकांनीच साहेबांच्या पाया पडून चिकटवला." लताबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उजेड आला. "कॅमेऱ्याची फाइल कोणाला उघडेना. त्यानंच ती उघडून दिली."

"तुम्ही इथे आलात हे त्याला ठाऊक आहे?"

"नाय. तो म्हणतो, आई, आता उकरू नको, बाबांना तरास होईल."

*

ओझर मागे टाकून गाडी पिंपळगावला पोचली तेव्हा पॅकहाउसच्या आवारात एकच टेम्पो उभा होता. द्राक्षांचा हंगाम संपला होता. एक कामगार थंड खोलीचं दार लोटत होता. दार बंद करण्याआधी त्याने आत तोंड घालून तीनदा हाक मारली, "आत कोण हाय का?" मग कडी घातली.

"ही वाल्मीकभाऊंनीच पाडलेली पद्धत," व्यवस्थापक संजना म्हणाली. पस्तिशीची, डोळ्यांखाली काळं आलेली बाई. "कडीच्या आधी तीन हाका. बाहेर ओट्यावर बसलेल्यांनाही ऐकू जातात."

"त्या दुपारी कोणी ऐकल्या?"

"कोणीच नाही. म्हणून तर सगळे म्हणाले, म्हातारा विसरला."

"अकरा वर्षं न विसरलेला." प्रतिभाने दाराच्या आतल्या बाजूचा पितळी दट्ट्या दाबला. आतून दार उघडायचा तो दट्ट्या लख्ख चमकत होता. "हा नवा दिसतो."

"मार्चमध्ये बसवला."

"बुधा गेल्यावर की आधी?"

संजना ऑफिसकडे चालू लागली. सुनीलने मनातल्या मनात तिचं नाव पक्कं केलं. दट्ट्या तुटका होता, हे बाहेर आलं असतं तर हिची खुर्ची गेली असती. त्यापेक्षा म्हाताऱ्याचा कबुलीजबाब बरा.

ऑफिसात एक मोठा पडदा होता. त्यावर चारही खोल्यांचं तापमान हिरव्या आकड्यांत दिसत होतं.

"खोली गरम झाली तर?"

"आकडा लाल होतो. बहुतेक वेळा दार अर्धवट राहिलेलं असतं. ऑफिसातून कोणीतरी जाऊन वाल्मीकभाऊंना सांगायचं. संगणक दर दहा मिनिटांनी एकदा नोंद करतो. त्या दिवशी एक वीसच्या नोंदीत तीन नंबर लाल आहे, दीडच्या नोंदीत हिरवा. मधलं काही कळत नाही. मी तेव्हा निफाडला तहसील कचेरीत होते, साडेतीनला परत आले. गेटवर लिहिलेलं आहे."

"जबाब तुम्ही घेतले?"

"प्रश्न लिहून दिले. राकेश फोटोवाल्याने वाचून शूट केलं. त्या दिवशी माझे दोन कंटेनर अडकले होते, मी तिकडे फिरकलेही नाही. कॅमेऱ्याचं कार्ड मी पाकिटात घालून, सही करून कपाटात ठेवलं. एकदाच रोहितला काढून दिलं. तो म्हणाला फाइल खराब आहे, निघेल तेवढं काढतो. मला त्यातलं काही विचारू नका. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटोसुद्धा मोबाइलमधून तोच काढून देतो."

"बाकी तेरा जणांच्या फाइली?"

"त्या पूर्ण निघाल्या."

प्रतिभाने मान डोलावली. पाकीट तिने सही करून ताब्यात घेतलं.

रोहित चोवीस-पंचवीसचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बापासारख्याच जाड भुवयांचा मुलगा होता. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"आईने बोलावलं ना तुम्हाला?"

"बस रे. मला ते फॉरमॅटचं समजावून सांग. मी अडाणी आहे त्यात."

त्याला जरा धीर आला. "मॅडम, राकेशचा कॅमेरा एमटीएस फाइल बनवतो. आपल्या ऑफिसचा प्लेयर ती घेत नाही, त्याला एमपीफोर लागते. म्हणून पद्धत बदलावी लागते. त्यात फ्रेमचा हिशेब चुकला की आवाज पुढे पळतो. बाबांच्या फाइलमध्ये तसंच झालं. शेवटी तर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. म्हणून शेवटचा खराब तुकडा सोडून द्यावा लागला."

"वडिलांचंच बोलणं तुझ्या हातून गेलं. अवघड वाटलं असेल."

"ऑफिसचं काम होतं मॅडम."

"त्या दुपारी तू कुठे होतास?"

"मागच्या खोलीत डबा खात होतो. एक ते दोन. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"आणि तो लाल आकडा?"

"तो काय, दोनच मिनिटं होता. लगेच गेला."

"जेवण झालं का तुझं?" प्रतिभाने भलतंच विचारलं. तो गोंधळून हो म्हणाला. ती उठली.

गाडीत बसल्यावर सुनील म्हणाला, "बाई, संजनाच. मी लिहून देतो."

"कशावर लिहून देता? जुन्या तिकिटावर?"

*

राकेशचा स्टुडिओ बाजारपेठेत होता. भिंतीवर नवरा-नवरींचे फोटो, खाली तीन कॅमेरे, आणि मधोमध राकेश वडापाव खात बसलेला.

"चौदा माणसं, चौदा वेळा तेच प्रश्न," तो म्हणाला. "कोण काय बोललं ते विचारू नका. मंगलाष्टकात भटजी काय म्हणतात ते तरी मी कधी ऐकलंय? माझं लक्ष चित्राकडे आणि आवाजाच्या काट्याकडे."

"तुमच्याशिवाय तिथे कोण होतं?"

"रोहित. माझ्या डाव्या हाताला बसून नावांवर खुणा करत होता."

प्रतिभाने त्याला मोबाइलवरचा तुकडा दाखवला. राकेशने तो पहिल्यांदाच बघितला. "हे माझ्या मशीनवर झालेलं नाही. माझ्याकडून कोणतीही फाइल बाहेर पडली की कोपऱ्यात स्टुडिओचं नाव येतंच. मेल्यावरसुद्धा जाहिरात सोडणार नाही मी."

"फाइल खराब होती म्हणे."

"कोण म्हणतो?" राकेशने हात पुसले आणि कार्ड मशीनला लावलं. "ताई, एमटीएस काय, एमपीफोर काय, हे डबे आहेत. भाजी आतली. यांचा प्लेयर फक्त स्टीलचा डबा उघडतो, माझी भाजी पितळी डब्यात. मग डबा बदलायचा. त्याने भाजी कमी होत नाही. कमी झाली तर समजायचं, कोणीतरी खाल्ली."

"आणि आवाज पुढे पळतो ते?"

"पळतो ना, फ्रेम जुळवल्या नाहीत तर. पण तो एकदम उडी मारत नाही. सुरुवातीला कळतही नाही, मग केसाकेसाने वाढत जातो. शेवटच्या शब्दाला सगळ्यात जास्त."

फाइल उघडली. चित्र स्वच्छ दिसत होतं, पण आवाज नव्हता. राकेश चरफडला. त्याने कालच मशीन नवीन घेतलं होतं आणि कॅमेऱ्याच्या आवाजाची पद्धत त्यात अजून भरायची होती. "अर्धा तास द्या, आवाज दुसऱ्या पद्धतीत काढून देतो."

तोवर त्यांनी मुकं चित्र बघितलं. वाल्मीकचे ओठ हलत होते. मोबाइलवरचा तुकडा जिथे संपला होता, तिथे हे चित्र थांबलं नाही. ओठ आणखी एकदा उघडले. मान डावी-उजवीकडे हलली. मग वाल्मीकने कॅमेऱ्यावरची नजर काढून बाजूला वळवली आणि तिकडे बराच वेळ बघत राहिला. परत काहीतरी बोलला. टोपी डोक्यावर घातली आणि उठला.

"सुनीलभाऊ, चहा सांगा," प्रतिभा म्हणाली.

सुनील चहा घेऊन आला तेव्हा तिच्या कानाला हेडफोन होते. तिने ते काढून ठेवले. चहा तसाच गार झाला.

"काय ऐकलंत बाई?"

"लताबाई मोठ्या आशेने आल्या होत्या हो," ती एवढंच म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी पॅकहाउसला सुट्टी होती. निफाडजवळच्या लताबाईंच्या घरात वाल्मीक खाटेवर उशीला टेकून बसला होता. रोहित दाराशी उभा होता. शेजारच्या घराकडे जाणाऱ्या ओट्यावर वाळलेल्या काट्या पसरल्या होत्या.

"लताबाई," प्रतिभा म्हणाली, "मालकांचं खरं होतं. एवढ्यावर थांबायचं असेल तर मी इथेच थांबते. पुढचं ऐकलंत तर न ऐकल्यासारखं करता येणार नाही."

"अर्धं ऐकूनच तर ही येळ आली ताई. सांगा."

"आपल्या बोलण्यात होकार-नकार शेवटी येतो. 'कडी मी लावली' इथवर दोघांचं वाक्य सारखंच असतं, लावणाऱ्याचं आणि न लावणाऱ्याचंही. पुढचा एक शब्द काढला की झाली कबुली. सुनीलभाऊंना पहिल्याच दिवशी कळलं होतं की आवाज उतरला नाही. त्यांना ते कळलंय हे मात्र कळलं नाही."

सुनील खाली बघू लागला.

"शब्द गळला की कापला? फॉरमॅटमुळे गळला असता तर चौदाही फाइलींचा शेवट गेला असता. कॅमेरा एकच, कार्ड एकच, संगणक एकच. गेला तो एकाच माणसाचा. रोहित म्हणतो, आवाज ओठांच्या पुढे पळाला म्हणून शेवट टाकला. तसा पळाला असता तर शेवटच्या शब्दाला सगळ्यात जास्त फरक दिसला असता. या तुकड्यात शेवटच्या शब्दापर्यंत ओठ बरोबर जुळतात. समजा, त्याने दुरुस्त केलं. मग शेवट टाकायची गरजच काय उरली?"

"मी... माझ्याकडून चुकून..." रोहित म्हणाला.

"कोणी कापला? राकेशच्या मशीनवर झालं असतं तर कोपऱ्यात त्याचं नाव असतं. संजनाबाईंना मोबाइलमधले फोटोसुद्धा स्वतः काढून घेता येत नाहीत. शिवाय तो शब्द उच्चारला गेला तेव्हा त्या तिथे नव्हत्याच. तुटक्या दट्ट्याचं पाप त्यांचं आहे, ते मी वेगळं लिहून देणार आहे. कार्ड पाकिटातून एकदाच निघालं, एकाच हातात गेलं."

लताबाई उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. "पण का? बापाचा शब्द कोण कापंल ताई?"

"ज्याने कडी लावली तो." प्रतिभाचा आवाज बारीक झाला. "त्या दुपारी तीन हाका कोणी ऐकल्या नाहीत. म्हणजे कडी लावणाऱ्याला ती सवयच नव्हती. तो दारावरचा नव्हता, ऑफिसचा होता. पडद्यावर आकडा लाल झाला. संगणक दहा मिनिटांनी एकदा लिहितो, म्हणून तो लाल किती वेळ होता हे नोंदीवरून कोणालाच सांगता येत नाही. रोहितने मला सांगितलं, दोनच मिनिटं. पडद्याकडे न बघता. दोन मिनिटं म्हणजे ऑफिसातून उठून तीन नंबरचं दार लोटायला लागतो तेवढा वेळ."

तिने लॅपटॉप उघडला. वाल्मीकचा धड आवाज त्या खोलीत दोन महिन्यांनी पहिल्यांदा आला.

"त्या दिशी कडी मी लावली नाय." मग ती लांब नजर, रोहित बसला होता तिकडे. "कोणी लावली ते मी बघितलंय. पण ते मला इचारू नका. माझ्या तोंडून निघायचं नाय."

खाटेवरच्या वाल्मीकने डोळे मिटून घेतले.

"मला माहीत नव्हतं आत कोणी आहे," रोहित रडायला लागला. "बाबा जेवत होते, म्हटलं कशाला उठवायचं. मीच जाऊन दार लोटलं. एवढंच केलं मी आई, शपथ!"

"कडी चुकून लागली, मान्य," प्रतिभा म्हणाली. "हा शब्द चुकून कापला गेला नाही. फाइल कोणी उघडून दिली हे तुझ्या वडिलांना ठाऊक होतं. हॉलमध्ये पडद्यावर स्वतःचं बोलणं ऐकून ते का कोसळले, हे आता मला विचारू नकोस. ते तुझं नाव घेणारच नव्हते रे. तुला काही कापायची गरजच नव्हती."

शेजारी चतुराबाईंच्या घरात भांडं वाजलं.

प्रतिभा खाटेजवळ वाकली. "वाल्मीकभाऊ, हे बाहेर सांगू का?"

"हो," वाल्मीक म्हणाला.

रोहित धावत आला आणि बापाचे पाय धरून बसला. "बाबा, घरातच ठेवू ना? माझं सगळं आयुष्य जाईल बाबा. घरातच ठेवायचं ना?"

"हो," वाल्मीक म्हणाला. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यातला कोणता हो खरा, हे सुनीलला कळेना. प्रतिभालाही कळलं असेल असं त्याला वाटलं नाही.

रोहितने तोंड पुसून वर बघितलं. "आई, ऐकलंस ना? बाबा हो म्हणाले."

लताबाईंनी पोराकडे बघितलं. बापाचं कापलेलं बोलणं याने एकदा वापरलं होतं. आता उरलेला एक शब्दही तो वापरायला निघाला होता.

"नाय," त्या म्हणाल्या.

एवढंच बोलून त्या उठल्या आणि ओट्यावर गेल्या. वाकून त्यांनी काट्या उघड्या हातांनी बाजूला सारल्या. बोटांतून रक्त आलं, ते पदराला पुसलं. शेजारच्या बंद दारासमोर त्या उभ्या राहिल्या.

"चतुरा," त्यांनी हाक मारली, "आत हायेस का?"

लताबाईंनी दुसरी हाक मारली.